फोटोंतून कॉमिक: ३१ चौकटींची गोष्ट आणि पान ४ वरची अडचण

निळी_शाई

नमस्कार मंडळी. गेले चार महिने एक काम करते आहे. ते संपत आलंय आणि एका पानापाशी अडलंय, म्हणून हा धागा. इथे फोटो काढणारे आहेत तसे चित्र काढणारेही आहेत, आणि मला दोघांचीही मदत हवी आहे.

कॉमिकच्या मांडणीतली सहा पानांची गोष्ट, पण चित्रांच्या जागी फोटो. एकूण ३१ चौकटी. एक मुलगी रात्री घरात एकटी आहे, वीज जाते, माळ्यावर आवाज होतो. ती बॅटरी घेऊन वर जाते. तिथे एक पाखरू अडकलेलं असतं, ती झरोका उघडते. एवढीच गोष्ट. मुलीचं काम माझ्या धाकट्या बहिणीनं केलंय.

पहिला महिना पूर्ण वाया गेला. का गेला ते सांगते, कारण हे काम हाती घेणारे बहुतेक जण तिथेच अडकतात. मी नेहमीसारखे मऊ उजेडात फोटो काढले आणि संगणकावर कार्टूनचा तयार फिल्टर लावला. बहिणीच्या चेहऱ्यावर काजळी माखल्यासारखी दिसायला लागली. फिल्टरला चित्र समजत नाही, त्याला फक्त कडा सापडतात. स्वेटरची वीण, भिंतीचे पोपडे, डोळ्याच्या पापण्या, सगळ्यांना तो सारख्याच जाडीची रेघ देतो. चित्रकार उलट वागतो. काय काढायचं याच्याही आधी काय गाळायचं हे तो ठरवतो.

म्हणून दुसऱ्यांदा सुरुवात केली ती कॅमेरा बाजूला ठेवून. प्रत्येक चौकटीचं आगपेटीएवढं कच्चं रेखाटन जाड काळ्या मार्करनं केलं. मधल्या छटा नाहीत, कागदावर फक्त काळं आणि पांढरं. काळं कुठे पडणार हे पक्कं झाल्यावर मगच दिवे लावले. एकच कडक दिवा, पुढे छत्री किंवा कापड काही नाही, बाजूनं आणि जरा मागून. त्यानं अर्धा चेहरा सरळ काळ्यात जातो आणि सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी येते. दुसऱ्या बाजूला मागे एक बारीक दिवा ठेवला, म्हणजे केस आणि खांदा अंधारापासून सुटतात. ती उजेडाची किनार म्हणजेच पुढे शाईची बाह्यरेषा होते. लेन्सचं छिद्र एफ/८ च्या आसपास, म्हणजे लहान ठेवलं, मागचंही स्पष्ट यावं म्हणून. धूसर पार्श्वभूमी फोटोत छान वाटते, पण कॉमिकच्या चौकटीत ती खोटी दिसते. चित्रात मागची खुर्चीही तितक्याच ठाम रेघेनं काढलेली असते.

आता अडचण. पान ४ वर पाच चौकटी आहेत: १) शिडीवर तिचे पाय, खालून. २) माळ्याच्या झडपेतून वर येणारं डोकं. ३) बॅटरीचा झोत, त्यात धूळ. ४) पाखरू, पंख पसरलेलं. ५) तिचा दचकलेला चेहरा. हे पान चार जणांना दाखवलं. चौघांनाही गोष्ट कळली, पण कुणीही त्या पानावर थांबलं नाही. माझ्या मते गोष्टीतला सगळ्यात मोठा क्षण तोच आहे. चौथ्या चौकटीचे रंग तीनदा बदलून पाहिले, काही फरक पडला नाही. काय चुकतंय?

टिंबटिंब

वाचनखूण साठवली. अडचणीकडे येण्याआधी एक विनंती: संपादन कसं केलंत ते टप्प्याटप्प्यानं लिहाल का? माझं गाडं कायम रेघांपाशी अडतं.

निळी_शाई

नक्की. मी फोटोशॉप वापरते, पण जिंप आणि क्रिता या मोफत सॉफ्टवेअरमध्येही तत्त्व हेच राहतं. एकाच फोटोचे तीन लेयर, म्हणजे एकावर एक थर करते: रंग, काळ्या जागा आणि रेघा.

रंगांचा लेयर सर्वांत खाली. त्यावर सरफेस ब्लर किंवा मीडियन. कातडीचा पोत जाईपर्यंत, पण नाकाचा आकार जाणार नाही इतपत. मग पोस्टराइज, म्हणजे छटा मोजक्याच उरतात.

त्याच्यावर काळ्या जागा. मूळ फोटोची प्रत कृष्णधवल करायची, थोडी धूसर करायची आणि थ्रेशोल्ड लावायचा, म्हणजे ठरलेल्या आकड्यापेक्षा गडद ते सगळं काळं, बाकी पांढरं. माझ्या रात्रीच्या फोटोंना आकडा ६० ते ८० च्या दरम्यान बसला. धूसर केलं नाही तर कडेला मुंग्या फिरल्यासारखे ठिपके राहतात. हा लेयर मल्टिप्लायवर, म्हणजे त्यातलं पांढरं दिसेनासं होतं आणि काळं खालच्या रंगांवर बसतं.

रेघांसाठी आणखी एक प्रत, तिला हाय पास, त्रिज्या ४ च्या आसपास. हाय पासनंतर सगळा सपाट भाग १२८ या मधल्या करड्यावर येतो आणि फक्त कडा त्याच्या खाली-वर राहतात. म्हणून इथे थ्रेशोल्ड १२८ च्या किंचित खाली ठेवायचा, १२० ते १२५. म्हणजे कडेची फक्त काळी बाजू उरते. हाही मल्टिप्लाय. जिंपवाल्यांना 'डिफरन्स ऑफ गॉशियन्स' आहे, त्यानं रेघ जास्त स्वच्छ येते.

आणि मग खरं काम. रेघांच्या लेयरवर मास्क (नको तो भाग झाकणारा पडदा) घालून हातानं पुसत बसायचं. प्रत्येक चौकटीमागे मला साधारण दोन तास लागले. केसांतल्या बहुतेक रेघा गेल्या, गालावरच्या सगळ्या गेल्या. जबड्याची रेघ तुटली होती तिथे ब्रशनं जोडली. यंत्रानं दिलेल्या रेघांपैकी निम्म्याही शेवटी उरल्या नाहीत.

करडा_कोपरा

दोन तास गुणिले ३१! सलाम. पण एक शंका विचारतो, राग मानू नका. इतकं पुसायचं आणि इतकं हातानं जोडायचं, तर सरळ चित्रच का काढू नये? आणि आता लेखी वर्णन दिलं की यंत्र मिनिटभरात कॉमिक बनवून देतं. मग फोटो कशाला?

निळी_शाई

राग कसला, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता. माझ्या बहिणीची घाबरण्याची एक तऱ्हा आहे. ती डोळे मोठे करत नाही, उलट किंचित बारीक करते आणि खालचा ओठ आत घेते. मी चित्र काढलं असतं तर डोळे मोठेच काढले असते, कारण भीती म्हटलं की हात आपोआप तेच काढतो. यंत्रही तेच देईल, सगळ्यांच्या भीतीची सरासरी. फोटोत *तिची* भीती आली, आणि ती मला हवी होती. बाकी सगळं मी शाईत बुडवायला तयार आहे, तेवढं सोडून.

अर्धविराम

इथे एक मुद्दा जोडतो. कॉमिककार स्कॉट मॅकक्लाउड यांनी १९९३ मधल्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या पुस्तकात नेमका याच्या विरुद्ध बाजूनं विचार मांडलाय. चेहरा जितका साधा, दोन टिंबं आणि एक रेघ, तितका वाचक त्यात स्वतःला पाहतो, आणि चेहरा जितका तपशीलवार, तितका तो 'दुसऱ्या कुणाचा' होतो. म्हणून कित्येक कॉमिक्समध्ये पात्रं साधी आणि पार्श्वभूमी बारकाव्यांची असते. फोटोकॉमिकमध्ये हे उलटं होऊ शकतं: चेहरा खराखुरा आणि बाकी सगळं सपाट. मग वाचक तिच्या *जागी* जात नाही, तिच्याकडे *बघत* राहतो. हा दोष आहे असं नाही, पण तुमच्या पान ४ चं कोडं इथे असू शकेल.

निळी_शाई

थांबा, हे महत्त्वाचं आहे. यावर विचार करून लिहिते.

टिंबटिंब

तोपर्यंत माझ्या आवडत्या विषयावर, म्हणजे माझ्या नावावर, थोडं लिहितो. टिंबांचे इफेक्ट बरेच जण चुकीच्या क्रमानं लावतात आणि मग 'जुन्या कॉमिकसारखं का दिसत नाही' म्हणतात.

जुन्या छपाईत दोन वेगळ्या गोष्टी होत्या. हाफटोनमध्ये टिंबं लहानमोठी होतात. गडद भागात मोठी, फिक्या भागात बारीक, आणि त्यातून छटा तयार होतात. वर्तमानपत्रातला फोटो असा छापला जाई. बेन-डे टिंबं निराळी. बेंजामिन डे ज्युनियर यांनी १८७९ मध्ये शोधलेली ही पद्धत. एका भागात सगळी टिंबं एकाच मापाची आणि सारख्या अंतरावर. म्हणून कॉमिकमधला गाल सपाट गुलाबी दिसतो, त्याला गोलाई नसते. चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन यांनी १९६१ पासून हीच टिंबं कॅनव्हासवर मोठी करून रंगवली.

आता फोटोवर थेट कलर हाफटोन फिल्टर लावला की मिळतो वर्तमानपत्रातला फोटो. कॉमिक नाही! आधी रंग सपाट करा आणि *मग* टिंबं घाला. रंग सपाट असला की त्या भागातली सगळी टिंबं आपोआप एकाच मापाची येतात. दोनच पायऱ्यांची अदलाबदल, पण परिणाम जमीन-अस्मानाचा.

रंग किती ठेवायचे? जुन्या अमेरिकन कॉमिक्समध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळा या तीन शाया, प्रत्येकीच्या चार पातळ्या: ०, २५, ५० आणि १०० टक्के. ४ × ४ × ४ म्हणजे ६४ रंग, आणि वर काळी शाई. फाइल सीएमवायके, म्हणजे याच चार शायांच्या मोडमध्ये नेऊन पोस्टराइजला ४ आकडा दिला की याच्या बऱ्यापैकी जवळ पोचता येतं. त्या काळचा रंगारी इतक्याच रंगांत रात्र, आग, कातडी सगळं उभं करायचा, हे मनात ठेवलं की हात आखडतो, आणि तो आखडायलाच हवा.

टिंबांच्या जाळीचे कोनही बघा. छपाईतले नेहमीचे कोन म्हणजे निळसर १५, किरमिजी ७५, पिवळा ० आणि काळा ४५ अंश. ठळक दिसणाऱ्या तीन शायांमध्ये ३०-३० अंशांचं अंतर राहतं आणि पिवळा सर्वांत फिका म्हणून मधल्या जागेत खपून जातो. सगळ्यांना एकच कोन दिलात तर टिंबं एकमेकांवर बसतात आणि रंग मळतात.

काळीज_काळं

+१. आणि टिंबं सर्वांत शेवटी, चित्र अंतिम मापाला आणल्यावर. टिंबं घातल्यावर चित्र लहान केलं की लाटांसारखे पट्टे उमटतात. मी एकदा १२ पानांचं काम टिंबांसकट जपून ठेवलं होतं, मूळ लेयर पुसले होते. पडद्यासाठी लहान केल्यावर प्रत्येक पानावर ते पट्टे. सगळं पुन्हा करावं लागलं, फार वाईट वाटलं होतं तेव्हा. आता छपाईची प्रत वेगळी, पडद्याची वेगळी. शिवाय जेपेगपेक्षा पीएनजी बरं. जेपेगमध्ये टिंबांच्या भोवती घाण साचते.

मात्रावेलांटी

मी अक्षरांच्या बाजूनं बोलते, कारण धाग्यात अजून फुग्यांचा उल्लेखच नाही. संवाद मराठीत आहेत ना?

निळी_शाई

हो, मराठीत. संवाद फार कमी आहेत, सहा पानांत सात फुगे. फुग्यांसाठी फोटोत वर रिकामी जागा ठेवली होती, ती नंतर खूप उपयोगी पडली. आवाजाची अक्षरं मात्र बरीच आहेत.

मात्रावेलांटी

मग थोडं सविस्तर.

इंग्रजी कॉमिक्सची अक्षरं सगळी मोठ्या लिपीतली, त्यामुळे ओळी एकमेकींना खेटून बसतात. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार-रकार, त्यामुळे दोन ओळींमध्ये जास्त अंतर लागतं आणि फुगा उंच होतो. इंग्रजी फुग्याच्या मापात मराठी कोंबू नका, वाक्य छाटा. अक्षरांमधलं अंतर वाढवून 'फाकवायचा' मोह झाला तर आवरा, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा शब्दपणा जातो. ओरडणं दाखवायचं तर अक्षर तिरपं करण्यापेक्षा जाड करा.

फाँट: 'बलू' गोलसर आणि जाड आहे, 'कलम' हाताच्या वळणाचा. दोन्ही मुक्त परवान्याचे. आवाजासाठी 'मोदक' बघा, इतका गुबगुबीत की अक्षरातली पांढरी जागा चिरेएवढीच उरते. जोडाक्षरं फुटून दिसत असतील तर जुन्या फोटोशॉपमध्ये टाइप पसंतीत दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू आहे का ते पाहा.

आणि आता माझा जिव्हाळ्याचा विषय. आवाजाच्या शब्दांत मराठी श्रीमंत आहे आणि आपण तरीही इंग्रजीतले 'बूम' नि 'बँग' उचलतो, याचं मला मनापासून दुःख होतं. आपल्याकडे आवाजाबरोबर त्याचा *काळ*ही शब्दात असतो. 'टप' म्हणजे एक थेंब. 'टपटप' म्हणजे पडत राहणारे. 'टपकन' म्हणजे अचानक, ध्यानीमनी नसताना. 'खड', 'खडखड', 'खाडकन', 'खडखडाट' या चार शब्दांना चार वेगळ्या आकारांच्या चौकटी लागतील. 'खाडकन'ला अरुंद, 'खडखडाट'ला पानभर आडवी. पान ४ वर कोणता शब्द आहे?

निळी_शाई

चौथ्या चौकटीत, पाखराच्या फोटोवर, 'फडफडाट'. पंखांच्या मागून वळवलेला.

मात्रावेलांटी

म्हणजे पंख दिसताहेत, आणि पंख वाजताहेत असंही लिहिलंय. एकच गोष्ट दोनदा.

शिडीवरचा

मी चित्रं काढतो, फोटो नाही. मला वाटतं हा प्रश्न रंगांचा नाही की फाँटचाही नाही, क्रमाचा आहे. कॉमिकमध्ये खरी घटना दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत घडते. पहिल्या चौकटीत उचललेला हात आणि दुसरीत फुटलेली बरणी, तर बरणी वाचकानं फोडली. तुमच्या पानावर वाचकाला काही करायलाच उरलं नाही. झोत दाखवला, पाखरू दाखवलं, दचकणं दाखवलं. पाच चौकटी आणि पाचही भरलेल्या. बरं, ती दचकली तेव्हा तिनं पाखरू पाहिलं होतं का? की आधी नुसता आवाज ऐकला?

निळी_शाई

आवाज. पाखरू तिला नंतर दिसतं, झरोका उघडल्यावर.

आणि हे लिहिताना मलाच दिसलं. ती अजून अंधारात आहे आणि वाचकाला मी पाखरू आधीच दाखवून टाकलं. अर्धविराम म्हणाले तेच, वाचक तिच्या जागी नाही, बाहेर उभा राहून तिच्याकडे बघतोय.

करडा_कोपरा

पण पाखराचा फोटो काढून टाकणार? तो तुमच्या सगळ्या कामातला सर्वांत अवघड फोटो असणार.

निळी_शाई

आहेच. खरं पाखरू नव्हतंच, कुठल्याही जिवाला अंधाऱ्या खोलीत कोंडायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. कागदाचे पंख तारेवर बसवले आणि फ्लॅश अगदी कमी ताकदीवर ठेवला. ताकद कमी केली की फ्लॅशचा लखलखाट आणखी थोडा वेळ टिकतो आणि हलणारी वस्तू गोठते. पंखाची टोकं थोडी फराटलेली हवी होती म्हणून शटर मंद ठेवून बॅटरीचा उजेडही आत घेतला. एका संध्याकाळी जवळपास दोनशे फोटो, त्यातला हा एक.

काळीज_काळं

छोटी दुरुस्ती: साध्या कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशची ताकद कमी केली की लखलखाट *कमी* वेळ टिकतो, म्हणून हालचाल गोठते. तुम्ही केलंत ते बरोबरच, लिहिताना उलटं झालं.

निळी_शाई

बरोबर, घाईत उलटं लिहिलं गेलं. धन्यवाद.

शिडीवरचा

फोटो टाकून देऊ नका, हलवा. पान ५ वर झरोका उघडल्यावर येऊ दे, मोठा, अर्धं पान. तिथे उजेड आहे, तिथे तो शोभेल. आणि त्या चौकटीत आवाजाचं अक्षर नको.

अर्धविराम

मग चौथ्या चौकटीच्या जागी काय?

मात्रावेलांटी

काळी चौकट. चित्रच नाही. आणि 'फडफडाट' नको, तो शब्द सगळं सांगून टाकतो. 'फड'. एकदाच. लहान, एका कोपऱ्यात, फक्त पांढऱ्या अक्षरांत.

टिंबटिंब

काळं सपाट ठेवा हं, टिंबं नकोत त्यात. आणि छापणार असाल तर नुसत्या काळ्या शाईवर विसंबू नका, मोठा भाग एकट्या काळ्यात करडा पडतो. थोडी निळसर शाई खाली द्या. पांढरी अक्षरं मात्र जरा जाड ठेवा, नाहीतर शाया किंचित सरकल्या तरी त्यांच्या कडा बुजतील.

निळी_शाई

चार दिवसांनी येते आहे, कारण फक्त पान ४ बदलून भागलं नाही.

तिसऱ्या चौकटीतला बॅटरीचा झोत सरळ वर जात होता. तो आता उजवीकडे जातो आणि चौकटीच्या कडेला कापला जातो, म्हणजे पुढच्या काळ्यात नजर आपोआप पडते. मग काळी चौकट, इतर चौकटींपेक्षा अरुंद, 'फड' खाली डाव्या कोपऱ्यात. पाचव्या चौकटीसाठी जुना चेहरा चालला नाही, त्यात बहीण समोर बघत होती. पुन्हा दिवे लावले, पुन्हा तिला बसवलं आणि नजर खाली डावीकडे ठेवायला सांगितली, जिथून अक्षर येतं तिथे. यावेळी चेहऱ्यावरच्या रेघा जवळजवळ सगळ्या काढल्या. डोळे, नाकाची सावली आणि आत घेतलेला ओठ एवढंच ठेवलं. बाकी काळं. पाखरू पान ५ वर गेलं, अर्धं पान, आवाजाशिवाय. चौकटी ३१ च राहिल्या. पाखराला जागा करायला पान ५ वरची झरोक्याच्या कडीची चौकट काढली आणि काळी चौकट त्या हिशेबात बसली.

काल ज्यांनी आधीची पानं पाहिली नव्हती अशा दोघांना दिलं. पहिल्यानं पान ४ वर आल्यावर पान उलटायचा हात मागे घेतला आणि विचारलं, "वर कोण आहे?" दुसरी काहीच बोलली नाही. तिनं पान ५ उघडलं, पाखरू पाहिलं आणि परत मागे जाऊन ती काळी चौकट बघितली.